काळी माती, पांढरा कापूस आणि मधल्या २५४ छटा

फोटोतला उजेड-अंधार नीट करायला शिकायचं असेल तर अचलपूरच्या माणसाला वेगळं सामान लागत नाही. हंगामात वावरात जायचं. खाली काळी कसदार माती, वर फुटलेलं बोंड. एकाच चौकटीत जवळजवळ निखळ काळं आणि जवळजवळ निखळ पांढरं. शिकवणारे लोक यासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कार्ड विकत घ्यायला सांगतात. वऱ्हाडात ते दरवर्षी उगवतं.

कॅमेऱ्याची पहिली थाप पकडली जाते तीही याच वावरात. उजेड मोजणारा मीटर एकच समजूत धरून बसलेला असतो: समोर काहीही असो, ते अंगावर पडलेल्या उजेडापैकी सरासरी १८ टक्के परत पाठवणार. खरं तर ताजं बर्फ ८० ते ९० टक्के उजेड परत पाठवतं, कोळसा जेमतेम चार टक्के. मीटरला त्याचं काही नाही. फ्रेमभर कापसाची गंजी घेतली तर ती मळकट राखाडी येते, पावसात भिजलेली फ्रेमभर काळी माती घेतली तर तीही राखाडीच. मीटरच्या हिशेबात दोन्ही एकाच भावाचा माल. हल्लीचे फोन समोरचं दृश्य ओळखून थोडं सांभाळून घेतात, पण पुरतं नाही. म्हणून फोटो उघडल्याबरोबर कॉन्ट्रास्टवर तुटून पडायचं नसतं. आधी एक्स्पोजर: कापसाला थोडं वर, मातीला थोडं खाली. पांढरं पांढऱ्याच्या जागी आणि काळं काळ्याच्या जागी बसलं की अर्धं काम झालं. बाकीच्या अर्ध्यात मात्र वर्षं जातात.

२५६ पायऱ्यांचा जिना

साध्या जेपेग फोटोत शून्य म्हणजे ठार काळं, २५५ म्हणजे पांढरं फटक. पायऱ्या एकूण २५६. दोन्ही टोकं सोडली तर उरतात २५४, आणि सगळं जग त्यांच्यात बसवायचं. लाल, हिरवा, निळा या तिघांचे असे तीन जिने असतात, म्हणून गुणाकार होतो १,६७,७७,२१६ रंगांचा. ऐकायला केवढा मोठा आकडा! पण कृष्णधवल फोटोला त्यातले फक्त २५६ मिळतात.

सेन्सरनं टिपलेली कच्ची माहिती तशीच ठेवणाऱ्या रॉ फाइलचं कौतुक होतं ते इथेच. १२ बिटांच्या रॉमध्ये ४,०९६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. पण त्यांची वाटणी फार पक्षपाती. सेन्सर उजेड सरळ हिशेबानं मोजतो, त्यामुळे १२ बिटांतल्या ४,०९६ पैकी २,०४८ पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) जातात. पुढच्याला १,०२४, मग ५१२, २५६, १२८, आणि सहाव्या स्टॉपपर्यंत उतरावं तर हातात उरतात ६४. वेशीच्या कमानीखालचा अंधार 'शॅडोज'ची पट्टी ओढून उजळला की त्यात रवाळ कचरा का दिसतो, याचं मोठं कारण हेच. अंधाराच्या वाट्याला माहितीच कमी आली होती. ताणली की विरते.

१८ टक्क्यांचा तो राखाडी स्क्रीनवर १८ टक्क्यांवर नसतो, बरं का. आपल्या डोळ्याला तो काळ्या-पांढऱ्याच्या साधारण मधोमध वाटतो, म्हणून एसआरजीबी पद्धतीत त्याला ११८च्या आसपासचा आकडा मिळतो. ही पद्धत १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून मांडली. आज हातातला बहुतेक प्रत्येक फोटो याच मापानं शिवलेला असतो.

चेहरा गायब, केस हजर

डिजिटल फोटोच्या जन्मातच मधल्या छटांनी दगा दिला होता. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. १०० गुणिले १०० ठिपके, रंग नाही, फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. प्रयोगशाळेतल्या एका तरुणीचा फोटो काढला आणि टीव्हीवर लावला. केस दिसले, मागची पांढरी भिंत दिसली. चेहऱ्याच्या जागी नुसता मुंग्यांचा खेळ.

घोळ असा की काही तारा उलट्या क्रमानं जोडल्या गेल्या होत्या. ठार काळं म्हणजे सगळी शून्यं, ठार पांढरं म्हणजे सगळे एक. उलटीकडून वाचले तरी तेच राहतात. मधल्या छटांचे आकडे मात्र उलटले की भलतेच होतात. तारा फिरवल्या आणि चेहरा परत आला. मला हा किस्सा फार आवडतो. टोकं कुणालाही सांभाळता येतात, माणूस मध्ये असतो!

त्याच्याही अठरा वर्षं आधी, १९५७ साली, अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला. तो जगातला पहिला डिजिटल फोटो मानला जातो: १७६ गुणिले १७६ ठिपके. त्या यंत्राला फक्त 'काळं' आणि 'पांढरं' एवढंच कळायचं. मग एकच फोटो पुन्हा पुन्हा स्कॅन केला, दर वेळी काळं कुठे संपतं ती रेघ थोडी सरकवली, आणि सगळे थर एकमेकांवर ठेवून राखाडी छटा काढल्या.

पुढची उडी १९८७. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांच्या मॅकिन्टॉशवर फक्त काळे-पांढरे ठिपके दिसायचे, राखाडी नाहीच. राखाडीचा भास व्हावा म्हणून त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'डिस्प्ले'. भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये होता, तो त्यात शिरला, आणि फेब्रुवारी १९९०मध्ये तोच प्रोग्रॅम फोटोशॉप म्हणून बाजारात आला. म्हणजे जगातलं सर्वांत गाजलेलं फोटो-सॉफ्टवेअर मुळात एका राखाडी रंगासाठी जन्मलं. नोल यांच्या वडिलांची घरी डार्करूम होती. फोटोशॉपमधली 'डॉज' आणि 'बर्न' ही हत्यारं थेट डार्करूममधली: एन्लार्जरखाली काडीला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीनं उजेड अडवला की तेवढा भाग फिका येतो, ती चकती डॉजच्या चित्रात आहे. हाताची मूठ करून तिच्यातून हव्या तेवढ्याच जागी उजेड सोडला की तो भाग गडद होतो, ती मूठ बर्नच्या चित्रात. हल्लीच्या पोरांना ती चकती लॉलीपॉप वाटते.

ठिपक्यांनी राखाडी फसवायची ही युक्ती आपल्याकडे छापखान्यांना जुनीच. शाई फक्त काळी, तरी वर्तमानपत्रातल्या चेहऱ्याला गाल असतात. अमरावतीच्या कुठल्याही दैनिकातला फोटो भिंगाखाली धरा, लहान-मोठे ठिपके दिसतील. दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी याच धंद्यात होते. फोटोग्राफी, ब्लॉक बनवणं, छपाई हे सगळं त्यांनी हातानं केलं, आणि रंगीत छपाईचं तंत्र व यंत्रं आणायला १९०९ साली ते जर्मनीला गेले. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ला. छटा कशी काढायची, हे त्यांना पडद्याआधी कागदावर कळलं होतं.

हौज कटोऱ्याच्या कमानी

अचलपूरजवळ हौज कटोरा आहे. तळ्यात उभी अष्टकोनी, बहुमजली इमारत, चहूबाजूंनी कमानी. इमादशाहीच्या या जुन्या राजधानीत फोटो काढणाऱ्याची परीक्षा घेणारी याहून चांगली जागा नाही. दुपारच्या उन्हात दगड झगझगीत, कमानीच्या आत काळोख, वर आकाश. बहुतेक जण घरी येऊन 'शॅडोज' पूर्ण वर, 'हायलाइट्स' पूर्ण खाली ओढतात. सगळं दिसू लागतं, आणि इमारत पुठ्ठ्याची वाटू लागते. कमान ही सावलीनंच कमान होते. आतला काळोख थोडा तरी काळा राहिलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना एकेक वीट मोजायची आहे त्यांनी पुरातत्त्वाचा अहवाल वाचावा.

शिवाय आपण हात लावण्याआधीच फोननं हात साफ केलेला असतो. बटण एकदा दाबलं तरी आजचा फोन पटापट अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, आकाश उतरवतो, सावल्या उचलतो आणि मग आपल्याला 'मूळ' फोटो म्हणून दाखवतो. त्यावर आपण पुन्हा तेच केलं की तर्री दोनदा पडते.

दोन फोटो जोडायची कल्पनाही फोनवाल्यांची नव्हे. १८५०च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ले ग्रे समुद्राचे फोटो काढायचे. तेव्हाच्या फोटोच्या काचा निळ्या उजेडाला इतक्या हळव्या की समुद्र नीट यावा तर आकाश कोरं पांढरं. त्यांनी आकाशाची एक निगेटिव्ह आणि पाण्याची दुसरी घेऊन, क्षितिजावर जोडून एकच प्रिंट काढली. लोक थक्क झाले. आपल्या फोनातल्या 'एचडीआर'चे हे पणजोबा.

हा डबा धूसर का?

फोटोच्या छटांचा हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहायला घाबरू नका. हिस्टोग्राम हा शब्द संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९०च्या दशकात रुजवला, तेव्हा त्यांच्या डोक्यात फोटो नव्हते. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि ज्या छटेचे ठिपके जास्त तिथे डोंगर उंच. बस्स.

आता जुन्या अल्बममधला शकुंतलेचा फोटो घ्या. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरून धावणारी ती छोटी गाडी. तिचं १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ला निवृत्त झालं आणि डिझेल आलं. पुढे तीही गाडी थांबली. घरोघरीच्या अल्बमांत मात्र ती अजून धूर सोडते, फक्त फिकी झाली आहे: काळं इंजिन तपकिरी, पांढरी वाफ पिवळसर. स्कॅन केलात तर आलेखाचा डोंगर मधोमध आक्रसलेला दिसेल, दोन्ही बाजूंना मोकळं रान. 'लेव्हल्स'मध्ये काळा त्रिकोण डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणि पांढरा त्रिकोण उजव्या पायथ्याशी आणून ठेवा. दोन हालचालींत इंजिन परत काळं होतं. मधला त्रिकोण सर्वांत शेवटी, तोही अगदी थोडा. नंतर आलेख पुन्हा पाहिला तर त्यात फणीसारख्या फटी पडलेल्या दिसतील. पायऱ्या तेवढ्याच, ताणून जास्त जागेत बसवल्या, म्हणून मधल्या काही रिकाम्या राहिल्या. थोड्या फटींनी कुणाचं बिघडत नाही. फार ताणलं तर मात्र आकाशात पट्टे उमटतात, आणि ते चिखलदऱ्याच्या सूर्यास्तात हमखास दिसतात.

चिखलदऱ्याचं निघालं म्हणून सांगतो. पावसाळ्यात तिथे धुकं उतरलं की आलेखाचा डोंगर असाच मध्ये आक्रसतो. आकृती शकुंतलेच्या फोटोची, उपाय मात्र उलटा. तिथे टोकं ताणलीत की धुकं गेलं, आणि धुक्यासाठीच तर घाट चढून आला होतात! आलेख काय आहे ते सांगतो, काय असावं ते नाही.

धुकं खरंच काढायचं असेल तर त्याचीही पट्टी आहे: 'डीहेझ'. तिच्या मागची एक गाजलेली कल्पना २००९च्या एका संशोधनातली. उघड्यावरच्या स्वच्छ फोटोत कुठलाही लहानसा तुकडा पाहा (आकाश सोडून), त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी निदान एक रंग कुठे ना कुठे जवळजवळ शून्यावर असतो. जिथे तिन्ही वर उचललेले दिसतात, तिथे मध्ये धूसर हवा आहे. जितके वर, तितकी हवा दाट. अचलपूरच्या वावरातून उत्तरेला दिसणारे गाविलगडचे डोंगर निळसर दिसतात ते याच हवेमुळे. पट्टी थोडीच ओढा. पूर्ण ओढलीत तर डोंगर कुंपणापाशी येऊन बसतो.

देव लाल, तपशील गायब

परतवाड्याहून बैतूलच्या वाटेवर बहिरम. डिसेंबरअखेर सुरू होणारी तिथली यात्रा जानेवारीभर चालते. हंडीतलं मटण आणि रोडगे ही तिची खरी जाहिरात. तिथला लोणी-शेंदूर चढवलेला देव टिपायला गेलात तर एक गंमत होते. आलेख ठीक, उजेड ठीक, तरी शेंदराचा सपाट डाग. कारण साधा आलेख तिन्ही रंगांची सरासरी दाखवतो. हिरवा आणि निळा खाली असतात, लाल एकटाच २५५ला जाऊन आदळलेला असतो. आदळला की त्यातले चढउतार संपले. मग 'कॉन्ट्रास्ट' वाढवून काय उपयोग? फोटो काढतानाच उजेड थोडा कमी ठेवायचा, आणि आलेख रंगनिहाय पाहायचा. झेंडूचे हार, संत्र्यांचे ढीग, लग्नातले शालू, सगळ्यांना हाच नियम. अचलपूर तालुक्यात संत्र्याची कमी नाही, सराव फुकट.

रोडगा मात्र सोपा. गोवरीच्या आरात भाजलेला, वरून काळपट, फोडला की पांढरा. तो प्रत्येक स्लायडरला उत्तर देतो.

"भाऊ, मले थोडं गोरं करून दे"

हे वाक्य फोटो स्टुडिओवाल्यानं किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नको. बायोडेटाच्या फोटोवर सर्वांत जास्त अत्याचार मधल्या छटांवर होतात, कारण त्वचा तिथेच राहते. पट्टी वर ओढली की गाल, कपाळ, नाक सगळं एका पातळीवर येतं. गोरेपणा येतो की नाही देव जाणे, चेहऱ्याचा आकार मात्र जातो.

यात सगळा दोष आपला नाही, थोडा फिल्मचाही आहे. १९५०च्या दशकापासून कोडॅक आपल्या लॅबना रंग जुळवायला एक नमुना फोटो पाठवायची. त्यावर गोरी तरुणी. पहिलीचं नाव शर्ली, म्हणून सगळ्याच 'शर्ली कार्ड' झाल्या. तिचा रंग जुळला की काम झालं. सावळ्या माणसाचे दात आणि डोळे तेवढे उठून दिसायचे. हे सुधारायला भाग पाडणाऱ्यांत माणसांपेक्षा आघाडीवर कोण होते? चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्या. त्यांच्या जाहिरातींत तपकिरी रंगांतला फरक दिसेना, म्हणून त्यांनी तक्रार केली. २०२२ साली गूगलनं हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांच्यासोबत त्वचेच्या दहा छटांची पट्टी खुली केली. उशीर झाला, पण दहा तरी झाल्या.

उलट्या दिशेचं पाप 'टाइम' नियतकालिकाच्या नावावर आहे. २७ जून १९९४च्या मुखपृष्ठावर खुनाचा आरोप असलेला कृष्णवर्णीय खेळाडू ओ. जे. सिम्प्सन याचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'नं तोच फोटो हात न लावता छापला. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी शेजारी! बोभाटा झाला. एकही वस्तू हलवली नव्हती, फक्त टोन बदलला होता. आजही वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत टोन इतका दाबला की एखादी गोष्ट काळ्यात बुडून दिसेनाशी झाली, तर फोटो बाद होऊ शकतो.

डोळाही मॅनेज झालेला असतो

१९९५ साली एमआयटीच्या एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी बुद्धिबळाच्या पटाचं एक चित्र काढलं, त्यावर एका नळकांड्याची सावली. सावलीबाहेरचा काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन यांची छटा नेमकी एकच आहे. पट्टी लावून पाहा, रंग मोजून पाहा, डोळा तरीही कबूल होत नाही. तेव्हा रात्री दिवा मालवून, वर पिवळसर नाइट मोड लावून फोटो 'करेक्ट' करणाऱ्यांनी सकाळी पुन्हा एकदा पाहावं. अंधारात स्क्रीन उजळ भासते म्हणून हात फोटो गडद करतो. मे महिन्याच्या दुपारी ओट्यावर बसून केलेला फोटो उलट फिकट होतो. ऑटो-ब्राइटनेस आधी बंद करा.

चंद्र म्हणजे डांबरी रस्ता

अमेरिकेतले अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाले होते. फोटोग्राफर झाले आणि १९४०च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आखल्या. मधली पाचवी पायरी म्हणजे आपला १८ टक्क्यांचा राखाडी. १ नोव्हेंबर १९४१ला न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र दिसला तेव्हा त्यांना मीटरच सापडेना. पण चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती: दर चौरस फुटाला २५० कॅन्डल. त्यावर हिशेब करून एकच फोटो काढला, दुसरा काढेपर्यंत ऊन गेलं. (ही तारीखही त्यांना आठवत नव्हती, नंतर चंद्राच्या जागेवरून ती शोधून काढली.) त्या एका निगेटिव्हच्या त्यांनी हजारावर प्रिंट काढल्या, आणि सुरुवातीच्या प्रिंटांत ढगाळ, उजळ असलेलं आकाश वर्षं गेली तसं काळंभोर होत गेलं. एकाच फोटोचं एडिटिंग एक माणूस चाळीसेक वर्षं करत होता.

चंद्राची मेख अशी की तो मुळात काळपट आहे. अंगावर पडलेल्या उन्हातलं तो साधारण १२ टक्केच परत पाठवतो, म्हणजे वापरून जुन्या झालेल्या डांबरी रस्त्याइतकं. पांढरा दिसतो तो भोवतीच्या काळ्या आकाशामुळे. त्याच्यावर भर दुपारचं ऊन असतं, आणि त्याचं चांदणं आपल्यापर्यंत येतं तेव्हा ते उन्हाचा सुमारे चार लाखावा भाग उरलेलं असतं. म्हणून कोजागिरीला चिखलदऱ्यात काढलेल्या फोटोत दरी नीट आली तर चंद्र म्हणजे पांढरं भोक, आणि चंद्रावरचे डाग आले तर दरी डांबर. यावर कुठलीही पट्टी चालत नाही. ले ग्रेंसारखे दोन वेगळे फोटो काढा, एक दरीसाठी, एक चंद्रासाठी, आणि क्षितिजावर जोडा. जोडताना चंद्र मोठा करायचा मोह होईल, तेवढा टाळा.